पायावरचे अनुस्वार

निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की मी खरं ते सांगून टाकतो: "लिखा काढतो."

विचारणारा जरा मागे सरकतो. मग नातवंडांच्या डोक्याबद्दल सहानुभूती गोळा करत विचारतो, "कुणाच्या?"

"घोडीच्या."

यानंतर बोलणं बहुधा हवापाण्याकडे वळतं.

यात खोटं म्हणाल तर एवढंच की त्या लिखा नव्हेत. लिखा उवांच्या, आणि ही अंडी एका माशीची. पण केसाला चिकटून बसण्याची चिकाटी तीच आणि काढणाऱ्याची कंबर धरण्याची तऱ्हाही तीच. तेव्हा शब्दाला फार धरू नये, हे आता मी म्हणू शकतो. सदतीस वर्षं शब्दालाच धरून बसलो होतो. एका दैनिकात मुद्रितशोधक होतो मी. लोकांचे अग्रलेख आणि मृत्युलेख सारख्याच निर्विकारपणे वाचायचे आणि ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे, हा माझा धंदा.

पावसाळा सरला की दोन-अडीच महिने मी माथेरानला जाऊन राहतो. एका ओळखीच्या बंगल्याची मागची खोली मिळते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून आला आणि पुढे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आणली, पण मोटारीला मात्र दस्तुरी नाक्यावरच हात जोडावे लागतात. तिथून पुढे लाल माती, आपले पाय, अलीकडे आलेल्या ई-रिक्षा, आणि घोडे. माझ्या खोलीच्या मागेच एका घोडेवाल्याचं ठाण आहे. वयाने माझ्याएवढाच माणूस, पण सगळं गाव त्याला मामा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. तो मला काका म्हणतो. असे आम्ही एकमेकांचे वडीलधारे आहोत.

मामाच्या तीन जनावरांपैकी माझी मैत्री जमली ती बिजलीशी. नाव बिजली, पण स्वभाव भारनियमनाचा. काळपट तांबडी, वयस्क, चालताना दर दहा पावलांवर विचारात पडणारी. डाव्या पुढच्या पायाला खुरापासून वर वीतभर पांढरा मोजा. तिच्या पाठीवर बसलेलं गिऱ्हाईक घाबरत नाही, कंटाळतं.

एका सकाळी मामा तिला खरारा करत होता आणि मी चहाचा कप घेऊन उभा होतो. उन्हाची तिरीप तिच्या उजव्या पुढच्या पायावर पडली, तेव्हा दिसलं: गुडघ्याच्या आतल्या बाजूला बारीक पिवळे ठिपके. आधी वाटलं, कुणीतरी हळदीचा हात झटकला. मग वाटलं, चंदीतला कोंडा उडाला असेल. चष्मा पुसून जवळ गेलो. एकेका केसाच्या टोकाशी एकेक ठिपका. ओळीवर ओळ, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक टिंब.

अनुस्वार!

आता हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आमच्या आधीच्या पिढीचं मराठी टिंबांनी भरलेलं होतं. नांव, पांच, कांहीं. उच्चारात नसलेली नाकातली सावली कागदावर मात्र पडलेली असायची. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले, आणि उच्चारच होत नाही असे अनुस्वार देऊ नयेत असं ठरलं. नोकरीला लागलो तेव्हा जुन्या वळणाचे लेखक अजून लिहिते होते, हट्टाने टिंबं देत होते. ती वेचून काढणं हे माझं पहिलं काम. त्या काळी 'घोडें' असंच लिहीत. म्हणजे घोड्यावरचा एक ठिपका महामंडळाने १९६२ सालीच काढला होता. पायावरचे तेवढे माझ्यासाठी ठेवले असावेत.

"मामा, हे काय आहे?"

"माशी घालते ती अंडी. पाऊस गेला की येते." मामाने खरारा थांबवला नाही.

"काढत नाही?"

"किती काढणार? आज काढली, उद्या घातली."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. छापखान्यात सगळे मला हेच सांगत.

दोन दिवसांनी जनावरांचे डॉक्टर खालून वर आले, तेव्हा त्यांना गाठलं. मुद्रितशोधकाला एक खोड असते, एखादी गोष्ट अर्धवट कळली की झोप येत नाही. डॉक्टरांनी बिजलीच्या पायाशी उकिडवं बसून जे सांगितलं, ते ऐकून मला त्या माशीबद्दल घृणा वाटावी की आदर, हे अजून ठरलेलं नाही.

बॉट माशी म्हणतात तिला. दिसायला मधमाशीसारखी, तपकिरी, केसाळ. चावत नाही, डंख मारत नाही. मारणार कशी? पंख फुटलेल्या माशीला खाण्याजोगं तोंडच नसतं. जेमतेम काही दिवसांचं ते आयुष्य. जेवण सगळं बालपणी उरकलेलं. उरलेल्या दिवसांत जोडीदार शोधायचा आणि घोडा गाठायचा. मादी पायाजवळ तरंगत राहते, शेपूट पोटाखाली वाकवते, झपकन पुढे येते, एका केसाला एक अंडं डकवते, मागे होते, पुन्हा येते. अशी शेकड्यांनी अंडी एकटी घालते. बिजलीच्या भोवती ती घोंगावताना मी पाहिली आहे. डंख नाही हे बिजलीला कुणी सांगितलेलं नसावं. ती कान पाडते, पाय आपटते आणि जन्मात दाखवली नाही ती चपळाई दाखवते.

खरी कारागिरी पुढे आहे. ते अंडं आठवडाभरात आतून तयार होतं आणि वाट बघत बसतं. कशाची? घोड्याच्या जिभेची. घोडा पाय चाटतो किंवा दाताने खाजवतो, त्या उबेने, ओलाव्याने आणि घासण्याने अंड्याचं झाकण उघडतं, आणि अळी थेट जिभेवर चढते. तिथे नि हिरड्यांत तीन-चार आठवडे मुक्काम, मग गिळली जाऊन पोटात. जठराच्या अस्तराला तोंडातले आकडे रोवून आठ-दहा महिने ती तिथे लटकते. मग सुटते, लिदीबरोबर बाहेर पडते, मातीत कोष करते आणि एके दिवशी पंख फुटून पुन्हा बिजलीच्या पायाशी हजर. शास्त्रज्ञांनी या वंशाला नाव दिलं आहे गॅस्टेरोफिलस, म्हणजे पोटप्रेमी. पंगतीला आग्रह करकरून वाढणाऱ्या आमच्या घराण्यात हे नाव कुणालाही शोभलं असतं.

"थोड्या असल्या तर घोड्याला पत्ता लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "फार झाल्या तर व्रण होतात, पोटदुखी होते. आणि घोड्याला उलटी होत नाही, हे लक्षात ठेवा. आत गेलं ते गेलं."

मला एकदम छापखान्याचं यंत्र आठवलं. रात्री पान यंत्रावर चढलं की संपलं. आत गेलेला शब्द बाहेर येतो तो हजारोंच्या संख्येने. 'ध'चा 'मा' झाला आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा जीव गेला, ही आख्यायिका आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत. खरी असो नसो, ती ऐकून पोरगं महिनाभर 'ध' दिसला की दचकायचं. चूक बारीकच असते. वाचणारा ती स्वतःच गिळतो, हेच वाईट.

त्या दिवसापासून मी मुद्रितशोधनाला पुन्हा रुजू झालो.

पहिलं हत्यार नख. ते निकामी ठरलं, कारण माशीचा डिंक आमच्या छापखान्यातल्या खळीपेक्षा कितीतरी अव्वल. मग बाजारातून उवांची बारीक दातांची फणी आणली. तीन केसांत अडकली. बिजलीने वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी फणीची क्षमा मागितली. मामाने दाढीच्या जुन्या पात्याचा अर्धा तुकडा दिला. त्याने काम होतं, पण घोडीला पाय हलवायला आणि मला घाम फुटायला एकच क्षण लागतो. विलायतेत यासाठी दातेरी वाकडी सुरी मिळते म्हणे, शिवाय सच्छिद्र ठोकळाही. ठोकळा म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बायकोला फोन केला.

"न्हाणीघरातली वजरी पाठवून दे."

"टाचा घासायला लागलात? या वयात?"

"माझ्या नाहीत."

फोनवर थोडी शांतता पसरली. मग माझी तब्येत कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, अशी चौकशी सुरू झाली. पण वजरी आली. आणि सांगतो, उभ्या महाराष्ट्राच्या टाचा घासणाऱ्या या वस्तूचा खरा जन्म घोडीच्या पायासाठीच झाला असावा. डाव्या हाताने पाय मागून धरायचा, उजव्याने वजरी केसांच्या दिशेने, वरून खाली, हलकेच ओढायची. खर्र, खर्र असा बारीक आवाज येतो. चार ओढींत दहा-पंधरा ठिपके खाली. ते ठाणात पडू द्यायचे नाहीत, ही डॉक्टरांची ताकीद. वैरणीत मिसळले तर आपणच वाढून दिल्यासारखं. म्हणून खाली जुना पेपर अंथरायचा. त्यावर माझ्याच दैनिकाचा अग्रलेख असला की काम जरा जास्त मन लावून होतं.

एकदा चार केस खोलीवर नेले आणि माझं जुनं भिंग काढलं. अंडं दीडेक मिलिमीटरचंसुद्धा नाही. फिकट पिवळं, लांबट, अर्ध्या अंगाने केसाला मिठी मारलेलं, आणि वरच्या टोकाला तिरकं कापलेलं झाकण. बोट कोमट पाण्यात बुडवून केस दोन बोटांत चोळला. पहिल्या दोहोंत काही नाही. तिसऱ्याचं झाकण उचकटलं आणि आतून काहीतरी वळवळत बाहेर आलं, धाग्याच्या सुट्या तंतूएवढं. चूक आपल्या डोळ्यांदेखत जन्माला येताना मी प्रथमच पाहिली. लगोलग साबणाने दोनदा हात धुतले, कारण ही बाळं क्वचित माणसाच्या डोळ्यातही शिरतात. आणि डोळे हे माझं एकमेव भांडवल.

या कोमट पाण्याचा उलटा उपयोगही आहे. ऊन पाण्यात बुडवलेलं फडकं पायावर चोळलं की अंड्यांना वाटतं जीभ आली. ती फुटतात, आणि तोंड न मिळाल्याने अळ्या मरतात. म्हणजे चक्क फसवणूक. गंगेत घोडं न्हालं की काम संपलं असं म्हणतात. आमचं घोडं बादलीत न्हातं आणि काम रोज सकाळी नव्याने सुरू होतं.

या उद्योगात बसल्या बसल्या हात चालतो आणि डोकं मोकळं राहतं. मग भाषा आठवते. 'काढणे' या क्रियापदाचा मराठी माणसाला केवढा आधार आहे! आपण खुसपट काढतो, कीस काढतो, कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो. दिवस काढतो, कर्ज काढतो, पळही काढतो. आठवणही काढतो आणि दृष्टही काढतो. माझ्या हुद्द्याचं शोधन-बिधन सगळं कागदोपत्री. करत होतो ते काढणंच. त्यात आणि दृष्ट काढण्यात फरक एवढाच की दृष्ट काढणाऱ्याला कुणी खडूस म्हणत नाही.

आई रविवारी बहिणींच्या उवा काढायची, ते आठवतं. अंगणाच्या पायरीवर आई वर, बहीण खाली, मान पुढे, केस तोंडावर. शेजारी सीताफळाच्या बियांची पूड कालवलेली, आणि डोळे मीट गं, डोळे मीट गं, असा धोशा. लीख दोन अंगठ्यांच्या नखांत धरून आई टचकन मारायची. त्या आवाजाने बहीण शहारायची आणि आईच्या चेहऱ्यावर असं समाधान उमटायचं की मला, डोक्यात काही नसलेल्या मुलाला, हेवा वाटायचा. त्या तासाभरात घरातली सगळी गुपितं पायरीवर निघत. कुणाचं लग्न मोडलं, कुणी दागिने गहाण टाकले. लिखा निमित्ताला. बिजलीच्या पायाशी बसल्यावर मामाही असाच उलगडत जातो. धाकट्या मुलाला घोडे नकोत, ई-रिक्षा हवी, हे त्याने मला चौथ्या दिवशी उजव्या गुडघ्यापाशी सांगितलं.

मी त्याला बदल्यात माशीची गोष्ट सांगितली. चार्ल्स टाउनसेंड नावाच्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९२७ साली लिहून टाकलं की हरणाच्या अंगावरची बॉट माशी, म्हणजे आपल्या माशीची चुलत बहीण, ताशी ८१८ मैल वेगाने उडते. मोजलं कसं? उंच डोंगरावर नजरेसमोरून एक तपकिरी फराटा गेला, त्यावरून अंदाज! आवाजापेक्षाही वेगवान माशी. लोकांनी ते गिळलं आणि अकरा वर्षं हा आकडा छापून येत राहिला. मग १९३८ मध्ये नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी गणित मांडलं. एवढ्या वेगाला माशीला दर सेकंदाला स्वतःच्या दीडपट वजनाचं अन्न लागेल आणि ती कुणाला धडकली तर गोळीसारखी आत घुसेल. शेवटी त्यांनी माशीएवढा सोल्डरचा तुकडा दोऱ्याला बांधून गरगरा फिरवला. ताशी २५ मैलांच्या सुमारासच तो नुसता फराटा दिसू लागला. तेवढाच माशीचा वेग. अकरा वर्षांत कुणाला दोरा सापडला नाही, याचं मला व्यावसायिक दुःख होतं.

"मग ही किती जोरात उडते?" मामाने विचारलं.

"बिजलीपेक्षा जोरात."

"ते मला माहीत आहे," मामा म्हणाला.

मामाचा पक्ष असा की हे सगळं वाया. औषध आहे की! आहे, हे खरं. जपानमध्ये एका गोल्फच्या मैदानाजवळून उचललेल्या मातीत एक जिवाणू सापडला, त्यातून आयव्हरमेक्टिन निघालं, आणि सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. ते औषध टूथपेस्टसारखं पिचकारीत येतं. वजन पाहून मात्रा ठरवायची आणि पिचकारी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारून जिभेवर दाबायची. बिजली ते गालात धरून ठेवते, आपण खूश होऊन पाठ वळवली की मामाच्या चपलेवर थुंकते. शिवाय डॉक्टरांचं म्हणणं, ऊठसूट देऊ नका, पोटातले बाकीचे जंत निर्ढावतात. थंड देशांत माश्या पहिल्या कडक हिमात मरतात, मग एकदा औषध दिलं की हिशेब मिटतो. आपल्या गोडगुलाबी थंडीला माशी भीत नाही.

मी मामाला म्हटलं, हे औषध म्हणजे शुद्धिपत्र. चूक छापून झाली, पोटात गेली, आता मागच्या पानावर बारीक टाइपात 'असे वाचावे.' वरातीमागून घोडं. शुद्धिपत्र हवंच, पण त्याच्या भरवशावर मुद्रितं वाचायची नाहीत, असं कसं चालेल? मामाने माझ्याकडे पाहिलं आणि तोबरा बिजलीच्या तोंडाला बांधला. मला वाटतं, त्याला तो माझ्या तोंडाला बांधायचा होता.

पांडव अज्ञातवासात असताना नकुल विराटाच्या पागेत राहिला, हे आपल्याला ठाऊक असतं. तिथे त्याने नाव घेतलं ते ग्रंथिक. विद्वान त्याचा अर्थ काय लावतात ते लावोत. मी मात्र ते नाव वाचलं तेव्हा मनातल्या मनात जागेवरून उठून उभा राहिलो. पागेतला ग्रंथिक! या हुद्द्यावर हस्तिनापूरचा राजपुत्र काम करून गेला आहे. मला तर नुसतं निवृत्त व्हावं लागलं.

परवा सगळं झाल्यावर मी वजरी धुतली, पेपराची पुडी करून चुलीत टाकली आणि मामाला बोलावलं. दोन्ही पाय दाखवले. उजवा गुडघा स्वच्छ, डाव्याच्या आतली बाजू स्वच्छ. भिंगातून पाहून खात्री केली होती. मामा चष्मा लावत नाही, त्याला लागतो तरीही. त्याने वाकून काही पाहिलं नाही. नुसता तळहात केसांच्या उलट दिशेने, खालून वर, पांढऱ्या मोज्यावरून फिरवला. बोटं एका जागी थांबली.

"काका, हा राहिला. इथं पण. इथं पण."

पांढऱ्या केसांवर फिकट पिवळं. तीन आठवडे मी ती बाजू कोरी समजून सोडून देत होतो. आमच्याकडे जुना एक जुळारी होता, तो खिळे बोटांनी वाचायचा आणि मी डोळ्यांनी वाचलेल्या गॅलीत चूक दाखवायचा. तेव्हा मला राग यायचा. आता नुसतंच हसू आलं. नवा अंक हातात घ्यावा, कुठलंही पान उघडावं आणि नेमकी राहिलेली चूक समोर यावी, हा अनुभव ज्याला आहे त्याला हे हसू कळेल.

"थांब, वजरी आणतो," म्हणून मी वळलो.

वजरी घेऊन येईपर्यंत बिजलीने, जन्मभर न केलेल्या घाईने, मान खाली घातली आणि तो पांढरा मोजा खालपासून वरपर्यंत, सावकाश, मन लावून चाटून काढला.

अंक छापायला गेला होता. मी उद्याच्या पानासाठी बादलीत पाणी तापत ठेवलं.